मेलेल्या मातीचा वाफा

९ नोव्हेंबर १९३१

साठावं पोतं आज बंदरावर उतरलं. हमाल म्हणतो, "रत्नागिरीत माती कमी पडली काय?" गाढवाला काय सांगणार. ही खानदेशची काळी माती मेलेली आहे. हिच्यात कापूस लावला की रोप वीतभर होतं, पानं कडेने पिवळी पडतात आणि एका सकाळी मान टाकतं. मर रोग. खोड उभं चिरलं की आत काळी रेघ. तिकडे शेतंच्या शेतं अशी बसली आहेत.

पुण्याच्या शेतकी खात्यातल्या साहेबांनी हा तुकडा मुद्दाम इथे दिला. आमच्या कातळावर कोसभर कुठे कापसाचं शेत नाही, त्यामुळे वाऱ्यावर परका पराग येत नाही. इथल्या तांबड्या मातीत हा रोगही नाही. जी काय घाण आहे ती माझ्या वाफ्यात. चर खणून झाले, भरून झाले. उद्या पेरणी.

१० नोव्हेंबर

पेरलं. वीस ओळी, ओळीत वीस — चारशे. शिवाय कडेला तीन ओळी निव्वळ खानदेशी बीजाच्या. त्या मरण्यासाठीच लावल्यात. त्या मेल्या नाहीत तर माती खोटी ठरेल. भिकाजीला बजावलं, त्यांना हात लावायचा नाही. भिकाजी म्हणजे आमचा वाफ्यावरचा गडी, लांज्याकडचा कुळवाडी. वाफ्याच्या टोकालाच त्याचं खोपट आहे. म्हणतो, "मराया कोन पेरतो, तात्या?" म्हटलं, मी पेरतो. चारशे पेरून उरलेलं संकराचं बीज त्याच्याकडेच ठेवायला दिलं.

चारशेंची आई खानदेशी, बाप आमच्या परसातला देवकापूस — देवाच्या वातींसाठी लावतात तो. माझी बायको सावित्री लग्न होऊन आली तेव्हा तिने बुरोंडीहून माहेरची सरकी आणली होती, त्या सरकीचं झाड. त्याच्या मुळाशी मी मुद्दाम रोगट माती घातली. दोन वर्षं झाली, पान हललं नाही. हा दणकटपणा लेकरांत उतरतो का, एवढाच प्रश्न आहे. माझं म्हणणं, उतरतो, आणि पहिल्याच पिढीत वरचढ होतो. म्हणजे चारशेतलं एकही मरता कामा नये.

साहेब मार्चमध्ये पाहायला येणार. वाफा हिरवा असला तर मी नोकरीत कायम. नसला तर तुकडा बंद, आणि मी परत गोदामात पोती उघडून बी चाळायला.

१७ नोव्हेंबर

सगळं उगवलं.

एक गोष्ट लिहून ठेवतो. संकर सावित्रीच्या हातचे आहेत. संध्याकाळी कळी सोलायची, आतले नराचे दाणे नखाने खरवडून काढायचे, वर कागदाची टोपी. सकाळी देवकापशीचा पराग लावून देठाला तांबडा दोरा. एक दाणा जरी आत राहिला तरी फूल स्वतःशीच लग्न लावून मोकळं होतं, आणि बीज निघतं ते निव्वळ खानदेशी, मरणारं. माझी बोटं त्या कामाला जाड पडतात. तिची बारीक आहेत. तेवढा एक गुण आहे तिच्यात.

तेव्हा रोप मेलं तर ते का मेलं हे मला शोधत बसायला नको. तिने फूल नीट सोललं नाही म्हणून मेलं.

२३ नोव्हेंबर

आईने आज पुन्हा विषय काढला. "येसूबाईच्या नशिबात नातू हायच नाय म्हणून लोक बोलतात मला." दोन मुलं झाली आम्हाला. पहिलं अकरा दिवसांचं गेलं, दुसरी सात महिन्यांची. मी धडधाकट, माझे वडील सत्तरीपर्यंत माडावर चढत होते, आजा नव्वदीला गेला. बापाकडून काही कमी नाही. मग कमी कुणाकडून? झाडांत आम्ही काय करतो — बाप तोच ठेवायचा आणि आई बदलून पाहायची. इतकी साधी गोष्ट. गावात सगळे नवससायास सांगतात, हे कुणाला सुचत नाही.

आईने खेडला मुलगी पाहून ठेवली आहे. राही नाव, अठरा पुरी, आठ भावंडं आणि आठही जिवंत! असा वाण पाहिजे. तिच्या बापाच्या अटी दोन: जावई कायम नोकरीत हवा, आणि पहिली बायको घरात नको. दोन्ही रास्त आहेत.

जेवताना सावित्रीला सांगितलं. आडपडदा कशाला? वाफा जगला तर मार्चनंतर तू बुरोंडीला. तिने ऐकलं आणि विचारलं, "आमटी वाढू?"

३ डिसेंबर

तीन मेली. चिरून पाहिली, काळी रेघ आहे.

भिकाजी विचारतो, "नांग्या भरू काय?" भातात मधली रोपं मेली की हे लोक त्या मोकळ्या जागी दुसरी लावतात, तसं. ओळीत खिंडार दिसलं की यांच्या पोटात दुखतं. म्हटलं, खबरदार! मेली ती जागा मोकळी राहिली पाहिजे. ती मोकळी जागाच मला मोजायची आहे.

तिन्ही रोपं सावित्रीच्या ताटाशेजारी मांडून ठेवली. म्हटलं, ही तुझी तीन फुलं. ती जेवली नाही. नको जेवू.

५ डिसेंबर

आणखी चार. तिला ओसरीवर उभी करून विचारलं, किती कळ्या घाईत सोलल्यास? म्हणते एकही नाही. चार रोपांच्या चार थपडा दिल्या. हिशेब चोख असावा.

६ डिसेंबर

पाच.

९ डिसेंबर

सात आज. एकोणीस झाली. मला आता वेगळाच संशय येतो. वाफा मेला तर हिचं घर वाचतं. वाफ्याला पाणी कोण घालतं? हीच घालते. पाण्यात मीठ टाकते, की मुळं दुखवते? मिठाचा डबा पाहिला. भरलेला आहे, पण त्यावरून काही ठरत नाही.

ओळी आखायच्या पट्टीने मारलं. ओरडत नाही ही, तो एक माज आहे. मधेच म्हणाली, "मेलेल्या मातीत पेरायचं, आणि मेलं की बीजाला बडवायचं. तुमचं शास्त्र मोठं गमतीचं आहे हो." पट्टी मोडली. सागवानी होती.

भिकाजी पाण्याची कावड घेऊन आला होता. ती खाली ठेवून बघत राहिला. म्हटलं, तमाशा आहे काय? म्हणाला, "काय नाय, तात्या." तरी हलला नाही.

१२ डिसेंबर

सहा. एकूण पंचवीस. तिच्या डाव्या हाताला सूज आहे, तेव्हा आजपासून पाणी भिकाजी घालील. तिला वाफ्यात पाऊल टाकायची बंदी.

१३ डिसेंबर

एकही नाही.

१४ डिसेंबर

एकही नाही.

२० डिसेंबर

आठवडा झाला, एकही मेलं नाही! मी सकाळी आठला चहा घेऊन वाफ्यावर जातो तो ओळी कशा शिस्तीत उभ्या. आणि शेजारच्या तीन खानदेशी ओळी मात्र साफ झोपल्या, साठातलं एक शिल्लक नाही. म्हणजे माती खरी, रोग खरा, आणि माझी रोपं त्याला पुरून उरतात.

आणि हेही सिद्ध झालं की तीच काहीतरी करत होती. वाफ्यातून तिला बाहेर काढलं आणि मरणं थांबलं. मार लागू पडला म्हणायचा. पंधरा दिवस आधी मारायला हवं होतं.

आता मेलंच नाही तर मारायचं कशाला? मी काही राक्षस नाही.

२ जानेवारी १९३२

वाफ्यात काही रोपांच्या बुंध्याशी तांबडी माती. काळ्या मातीत ती लगेच दिसते. भिकाजीला झापलं, बाहेरची माती पायाने आणतोस काय? "व्हय तात्या, पाय धुवून येईन." बैल परवडला.

काही रोपं शेजारच्यांपेक्षा ठेंगणी आहेत. पहिल्या पिढीत एवढा फरक दिसायला नको. आईकडून आलेला कमकुवतपणा असणार; तशी नोंद केली. आईचा वाण कुठे ना कुठे नडतोच.

१४ जानेवारी

संक्रांत. सावित्रीने तिळगूळ दिला. मी गोड बोललो नाही.

६ फेब्रुवारी

भिकाजी खोपटापुढे बसून कुड्याच्या पानांचे द्रोण लावत असतो. विचारलं, कुणाचं लग्न काढलंस? म्हणाला, "हात रिकामा बसत नाय." फुलं आली आहेत. पिवळीजर्द, प्रत्येकाच्या पोटात देवकापशीचा तांबडा डाग. बापाचा शिक्का.

९ मार्च

साहेब आले, पाहून गेले. हा दिवस मी विसरणार नाही.

अकराला मोटार कातळावर चढली. साहेब ओळीओळीतून फिरले. तीन मेलेल्या ओळी, आणि त्यांना लागून तीनशे पंचाहत्तर हिरवी झाडं, बोंडं धरलेली. टोपी काढून उभे राहिले. म्हणाले, मर रोगावर असा वाफा मी पुण्यातही पाहिला नाही. ठेंगण्या रोपांबद्दल विचारलं. मी आईच्या वाणाचं सांगितलं. मान डोलावली. पंचवीस कशाने गेली? म्हटलं, संकर करणाऱ्या बाईमाणसाचा हलगर्जीपणा. मग म्हणाले, "आणि बाकीचे संकर? हात फार सफाईचा आहे." म्हटलं, बाकीचे मी केले.

सावित्री चहाचा ट्रे घेऊन मागे उभी होती. कप ठेवताना बशी वाजलीसुद्धा नाही.

२ एप्रिल

हुकूम आला. कायम. आईने देवापुढे साखर ठेवली आणि खेडला माणूस पाठवला.

११ एप्रिल

सावित्रीला आज बोटीत बसवलं. हर्णैला तिचा भाऊ उतरून घेईल. पावसाळ्यात बोटी बंद होतात, तेव्हा आत्ताच उरकलं ते बरं.

तिची ट्रंक उघडून पाहिली. दोन लुगडी, एक काळी पोत, बाळाची कुंची, आणि पुरचुंडीत मूठभर देवकापूस सरकीसकट. तो काढून घेतला. म्हणाली, "ते माझ्या माहेरचं आहे." म्हटलं, होतं. आता ते सरकारी बीज आहे. तिने ट्रंक लावली. आईच्या पाया पडली. माझ्या पडली नाही. मीही वाट पाहिली नाही.

भिकाजीने न सांगता ट्रंक डोक्यावर घेतली आणि बंदरापर्यंत पोचवली. संध्याकाळ झाली तरी परत येईना. अर्ध्या दिवसाची रजा मांडली.

१८ मे

खेडला लग्न झालं. सासऱ्यांनी मान चांगला ठेवला.

७ जून

राहीचं अक्षर बरं आहे, स्वयंपाक तिखट. मोठ्याने हसते. दोन भाऊ पोलिसात आहेत. जेवताना रोज एकदा तरी त्यांचं नाव निघतं. ते माझ्या लक्षात आलं आहे.

३ सप्टेंबर

बुरोंडीहून कार्ड, सावित्रीच्या भावाचं. ती खंगली आहे, दिवसभर दाराशी बसून असते, चार दिवसांसाठी का होईना न्या. उत्तराची गरज वाटली नाही. कार्डाची कडेची जागा कोरी होती, तिच्यावर यंदाच्या ओळींचा आराखडा काढला.

७ नोव्हेंबर

दुसरा वाफा पेरला. तीच माती, तेच चर. बीज गेल्या सालच्या माझ्या झाडांचं, म्हणजे दुसरी पिढी. आता आजीचे गुण डोकं वर काढतील. नियमाने चारांत तीन जगावीत, एक मरावं. चारशेत शंभर मेली, तीनशे जगली की माझं म्हणणं कागदावर शाबीत. १० जानेवारीला साहेब पाहुण्यांना घेऊन येणार. माझा निबंध वाचला जाईल. तो लिहून तयार आहे. फक्त आकडे भरायची जागा सोडली आहे.

१ डिसेंबर

नऊ मेली. मरू देत, शंभरांचा वायदा आहे.

५ डिसेंबर

एकोणतीस, एका सकाळी.

८ डिसेंबर

शंभर पुरी झाली. आता थांबायला हवं.

११ डिसेंबर

एकशे ऐंशी.

राही ओसरीत बसून शेंगा सोलत होती. म्हणाली, "अगोबाई, तुमचा वाफा टकला झाला की!" हात उचलला होता. पोलिसातले दोघे आठवले. हात खाली घेतला आणि बाहेर जाऊन मेलेली रोपं मोजली.

१६ डिसेंबर

दोनशे चौऱ्याण्णव. पाणी तेच, विहीर तीच, गडी तोच. झोप नाही. निबंधातल्या कोऱ्या जागेकडे बघवत नाही. गेल्या सालची वही तीन वेळा तपासली, आकडे बरोबर आहेत. तीनशे पंचाहत्तर उभी होती, साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. आईबाप दोन्ही दणकट असताना पोरं अशी कशी निघतील?

२३ डिसेंबर

तीनशे सत्तर. आई म्हणते, दृष्ट लागली. सावित्रीची लागली म्हणते. इतके दिवस असलं काही मी घरात बोलू दिलं नव्हतं. आज बोलू दिलं.

३१ डिसेंबर

उभी आहेत ती अकरा. त्यांतल्या चारांची पानं पिवळी. साहेबांना तार करून पाहुण्यांना थांबवावं, तर कारण काय देऊ?

राहीला दिवस गेलेत, असं आईने आज सांगितलं. ऐकलं आणि वाफ्याकडे गेलो.

४ जानेवारी १९३३

शेवटी भिकाजीला धरून विचारलं. गेल्या साली असं काय करत होतास, जे यंदा करत नाहीस?

त्याने लपवलं नाही. म्हणाला, "गेल्या साली पन मरतच होती, तात्या. रोज धा, रोज पंधरा. तुमचा चा होयाच्या आदी मी मेलेली उपटीत होतो, नि नांग्यांसाटी म्हनून पेरनीपासना माज्या खोपटामागं तांबड्या मातीत द्रोनांतनी वाढवलेली रोपां लावीत होतो. रोप मेला का तुमी बाईंस मारीत होताव. मला बगवत नव्हता. बाईंस ह्यातला काय म्हायती नव्हता. यंदा बाई नायत, म्हनून नाय लावली."

मी मारलं नाही. वाफा मेला असता तर मी कायम झालो नसतो, खेडची सोयरीक झाली नसती आणि सावित्री आज या घरात असती, एवढं त्याला नीट समजेल असं सांगितलं. म्हटलं, मी नाही घालवली तिला, भिकाजी. तू घालवलीस.

तो उभा होता तो खाली बसला. अजून तिथेच बसून आहे.